निळा ठिपका, नकाशावरची रेघ आणि शेताचा बांध

फोनवर नकाशा उघडला की आपला निळा ठिपका दिसतो आणि बहुतेक वेळा त्याच्याभोवती एक फिकट निळं वर्तुळही. आपण ठिपका बघतो आणि पुढे जातो. पण ॲपचं खरं म्हणणं त्या वर्तुळात असतं: "तुम्ही या वर्तुळात कुठेतरी असाल." तेही पक्कं नाही. अँड्रॉइडच्या व्याख्येनुसार फोन जी अचूकता सांगतो ती ६८ टक्के खात्रीची. म्हणजे दर तीन वेळांपैकी साधारण एकदा तुम्ही वर्तुळाच्या बाहेर असणार, हे त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं.

"जीपीएस किती अचूक असतं?" या प्रश्नाला एक अधिकृत उत्तर आहे. ज्यांची ती यंत्रणा आहे त्या अमेरिकी सरकारच्या माहितीप्रमाणे साध्या स्मार्टफोनची जागा मोकळ्या आभाळाखाली सुमारे ४.९ मीटरच्या आत कळते. सोळा फूट म्हणा. या वाक्यातले वजनदार शब्द 'मोकळ्या आभाळाखाली' हे आहेत. पुण्याच्या पेठेतल्या बोळात, मुंबईतल्या टॉवरांच्या मध्ये किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या नाळेत हा आकडा लागू नाही.

शिवाय हा आकडा फक्त ठिपक्याचा आहे. ठिपक्याखाली जो नकाशा दिसतो, म्हणजे रस्त्याची रेघ, उपग्रहावरून घेतलेलं चित्र, दुकानाचं नाव, गटाची हद्द, तो वेगळ्या लोकांनी वेगळ्या काळात वेगळ्या कामासाठी तयार केलेला असतो. त्याच्या चुका त्याच्या स्वतःच्या. पडद्यावर मात्र दोन्ही एकमेकांवर चढवलेले दिसतात आणि काही बिनसलं की आपण सरसकट "जीपीएस चुकलं" म्हणून मोकळे होतो. माझ्या मते गेल्या दहा-बारा वर्षांत ठिपका खूपच सुधारला आहे, नकाशा त्या मानाने मागे आहे. लोकांना गोत्यात आणणाऱ्या चुका बहुतेक वेळा नकाशाच्या निघतात.

आभाळातली घड्याळं

आधी ठिपक्याचं बघू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. पहिला १९७८ मध्ये सोडला, पूर्ण यंत्रणा १९९५ मध्ये सुरू झाली. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो की मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. फोन तो संदेश ऐकतो, यायला किती वेळ लागला ते काढतो आणि त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणतो, की उपग्रहापर्यंतचं अंतर मिळालं. फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही. त्यामुळे रेंज नसली तरी जीपीएस चालतं. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि उपग्रहांचं वेळापत्रक झटकन मिळवायला. डोंगरात रेंज नसताना बराच वेळ बंद असलेला फोन चालू केला की जागा सापडायला वेळ लागतो तो याचमुळे: ते वेळापत्रक त्याला उपग्रहाकडूनच, अगदी संथ गतीने, ऐकून घ्यावं लागतं.

अंतर वेळेवरून काढायचं तर घड्याळ अचूक हवं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाची चूक झाली की ३० मीटरचा फरक. उपग्रहात अणुघड्याळं असतात. ती जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, कारण तिथलं कमी गुरुत्वाकर्षण त्यांना जितकं पुढे नेतं त्याहून बरंच कमी त्यांचा वेग त्यांना मागे ओढतो, म्हणजे आइन्स्टाइनचं गणित. हे आधीच जमेस धरलं नसतं तर दिवसाला दहा किलोमीटरच्या आसपास चूक साठत गेली असती. फोनमधलं घड्याळ मात्र स्वस्तातलं क्वार्ट्झ, त्यावर कुणी विसंबत नाही. जागेचे तीन आकडे (अक्षांश, रेखांश, उंची) आणि फोनच्या घड्याळाची चूक हा चौथा, अशी चार अनोळखी उत्तरं काढायला निदान चार उपग्रह लागतात. आता फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू असे सगळे ऐकतो, त्यामुळे एका वेळी वीस-तीस उपग्रह सहज मिळतात.

२ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम गडबड घालत असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ती गडबड त्या दिवशी बंद झाली. मोटारीतला वाटाड्या, दारात येणारी रिक्षा, जेवण आणून देणारा मुलगा ही सगळी दुनिया त्यानंतरची.

उरलेल्या चुकांपैकी दोन आपल्यासाठी महत्त्वाच्या. पहिली आयनोस्फिअरची, म्हणजे शे-दोनशे किलोमीटरपासून वर पसरलेल्या विद्युतभारित थराची. त्यातून येताना संदेशाला उशीर होतो. तो किती, हे सूर्यावर, दिवसाच्या वेळेवर आणि तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात यावर ठरतं. इथे भारताची गंमत आहे, म्हणजे तापदायक गंमत. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि त्याच्या उत्तरेला, गुजरात-मध्य प्रदेशाच्या आसपास, हा थर सर्वांत दाट होणारा पट्टा येतो. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधोमध. युरोपात बसून लिहिलेले अचूकतेचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, विशेषतः सूर्यास्तानंतरच्या काही तासांत आणि सूर्य जोरात असलेल्या वर्षांत. साधा फोन एका ठरलेल्या सूत्राने ही चूक वजा करतो, पण ते सूत्र जेमतेम निम्मी चूक काढतं.

यावरचा खरा उपाय म्हणजे दोन वारंवारता ऐकणं. आयनोस्फिअर प्रत्येक वारंवारतेला वेगवेगळा उशीर करतो, त्यामुळे दोन्हींतल्या फरकावरून तो उशीर मोजता येतो. २०१८ मध्ये शाओमीचा मी ८ हा असं करणारा पहिला फोन आला. आता मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनांत ही सोय असते. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सगळे विचारतात. 'एल१ आणि एल५ (या दोन वारंवारतांची नावं) दोन्ही आहेत का' हे विचारणारा विरळाच. ज्याला रानात किंवा डोंगरात फोन वापरायचा आहे त्याने ते विचारावं.

दुसरी चूक परावर्तनाची. उपग्रहाचा संदेश इतका क्षीण असतो की तो फोनच्या स्वतःच्या विद्युत खरखरीखाली दबलेला असतो, तिथून तो ओळखून काढावा लागतो. अशा वेळी सरळ येणारी लहर समोरच्या इमारतीने अडवली आणि बाजूच्या काचेवर आपटून आलेलीच मिळाली, तर फोन तिलाच खरी मानतो. कड्यासमोर उभं राहिल्यावर हाक नेमकी कुठून आली ते कळू नये, तसं होतं. लहर लांबच्या वाटेने आलेली असते, म्हणून अंतर जास्त भरतं आणि ठिपका रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर जातो. टॅक्सी विरुद्ध बाजूला येऊन थांबते ती अशी. २०२० च्या अखेरीस गूगलने यावर तोडगा म्हणून शहरांतल्या इमारतींचे त्रिमितीय आराखडे वापरायला सुरुवात केली: या उभ्या इमारतीमुळे हा उपग्रह इथून सरळ दिसणंच शक्य नाही, मग ही लहर परावर्तित असणार, असा हिशेब.

आपल्या नाविकबद्दल, म्हणजे जीपीएससारख्याच भारतीय यंत्रणेबद्दल, दोन शब्द. इस्रोचे हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, भारताच्या डोक्यावर राहतील अशा बेताने ठेवलेले. ते आभाळात उंच दिसत असल्याने गल्लीबोळांत उपयोगी पडायला हवेत. पण पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांची परदेशी बनावटीची अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मध्ये स्वदेशी रुबिडियम घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ हा नव्या पिढीतला उपग्रह गेला. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. फोनच्या यादीत नाविकचं नाव दिसलं म्हणजे ठिपका त्याच्यावरच चालतो असं नाही; बहुतांश भार अजून बाकीच्या यंत्रणांवर आहे.

घरात, मॉलमध्ये, भुयारात उपग्रह जवळपास नसतातच. तिथे फोन आसपासचे वायफाय आणि मोबाइल टॉवर ओळखून अंदाज बांधतो. गाडी चालवताना तर तो सरळ सरळ लबाडी करतो: ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून नेऊन चिकटवतो. बाण कसा अगदी रस्त्याच्या मधोमध धावताना दिसतो! तो खरा तिथे नसतो. हायवे आणि सर्व्हिस रोड यांच्यात दहा-बारा मीटरचं अंतर असेल तर ॲपला तुम्ही नेमके कशावर आहात ते कळत नाही, आणि मग वळण चुकतं. बोगद्यात शिरल्यावर तर शेवटचा वेग धरून ठिपका पुढे ढकलला जातो. आत ट्रॅफिक तुंबलं असेल तर ठिपका तुमच्या आधी बाहेर पडतो.

उंचीचा वेगळाच हिशेब

उंचीतली चूक साधारणपणे आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट असते, कारण सगळे उपग्रह डोक्यावरच असतात, पायाखाली एकही नाही. पण ट्रेकर मंडळींना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. काही ॲप्स शिखरावर १,५८० च्या आसपास आकडा दाखवतात. कोकणातल्या पुळणीवर उभं राहिलं तर हीच ॲप्स उंची उणे साठ-पासष्ट मीटर सांगतात, म्हणजे तुम्ही समुद्राखाली!

उपग्रहांनी यात काहीच चुकवलेलं नाही. ते पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती आकार धरतात आणि त्या पृष्ठभागापासून उंची मोजतात. खरा समुद्र त्या आकाराला धरून नसतो. गुरुत्वाकर्षण जिथे कमी तिथे पाणी खाली बसलेलं असतं. जगात हा खळगा सर्वांत खोल आहे तो श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात, सुमारे १०६ मीटर. महाराष्ट्र त्याच खळग्याच्या उतारावर येतो, म्हणून आपल्याकडे हा फरक साठ-सत्तर मीटरचा. चांगली ॲप्स ही दुरुस्ती करून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात, बाकीची कच्चा आकडा देतात. एकाच माथ्यावर दोन मित्रांच्या फोनमध्ये इतका फरक पडला तर भांडू नका. ॲपच्या सेटिंगमध्ये बघा.

शहरात उंचीचा प्रश्न जिवावर बेतू शकतो. उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश एकच असतात. फरक फक्त उंचीत, आणि तीच तर फोनला नीट कळत नाही. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत उलव्याकडे निघालेली एक मोटार बेलापूरच्या खाडीपुलावर जायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि थेट खाडीत पडली. सागरी पोलिसांनी चालक महिलेला वाचवलं. पडद्यावर रेघ सरळ जात होती. वरून पाहिलं तर पूल आणि खालचा रस्ता एकाच रेघेत बसतात, आणि खालचा रस्ता धक्क्यापाशी संपतो हे त्या रेघेतून कळत नाही. २०२४ च्या जुलैपासून गूगलने भारतातल्या काही शहरांत 'उड्डाणपुलावर जा' असं आधीच सांगायला सुरुवात केली. पण रात्री, पावसात, अनोळखी भागात त्या एका सूचनेवर सगळा भार टाकावा असं मला वाटत नाही.

ठिपक्याखालचा नकाशा

ऑनलाइन नकाशावर रस्ता कसा येतो? काही भाग उपग्रहचित्रावरून रेखाटलेला, काही सरकारी किंवा खासगी माहितीतून आलेला, काही लोकांच्या फोनच्या हालचालीवरून ओळखलेला, काही वापरकर्त्यांनी स्वतः भरलेला. ओपनस्ट्रीटमॅप तर पूर्णपणे हौशी लोकांनी काढलेला, आणि सह्याद्रीतल्या पायवाटा कित्येकदा तिथेच सर्वांत चांगल्या सापडतात. कारण काढणारा तिथून चालून आलेला असतो.

मात्र रेघ आहे म्हणजे वाट चालू आहे, असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशा बघत निघालेली मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून पाण्यात गेली आणि चालकाचा जीव गेला. स्थानिकांना तो रस्ता बंद असल्याचं ठाऊक होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले. या दोन्ही ठिकाणी ठिपका बहुधा पाच मीटरच्या आत बरोबरच असणार. जागा बरोबर होती, रस्ता नव्हता. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, नदीवरचा कमी उंचीचा पूल पाण्याखाली जातो, धरण भरलं की जुना रस्ता बुडतो. हे बदल आठवड्यांचे, कधी तासांचे असतात, नकाशा मात्र कुणीतरी कळवल्यावर बदलतो. रहदारी कमी असलेल्या रस्त्यावर कळवणारेही कमी.

उपग्रहचित्र पाहून लोक जास्त फसतात, कारण तो फोटो आहे आणि फोटो खोटं बोलत नाही असं आपल्याला वाटतं. उत्तम व्यावसायिक उपग्रहाच्या चित्रात आता ३० सेंटिमीटरची वस्तू ओळखता येते. पण बारीक दिसणं वेगळं आणि जागच्या जागी असणं वेगळं. उपग्रह बहुतेक वेळा तिरका बघत असतो. ते चित्र सपाट नकाशावर बसवताना जमिनीची उंची माहीत असावी लागते. समजा उपग्रहाची नजर २० अंशांनी तिरकी आहे आणि त्या डोंगराची उंची हिशेबात ३० मीटर चुकली, तर तिथली प्रत्येक गोष्ट सुमारे ११ मीटर सरकते. सपाट विदर्भात हा प्रश्न कमी, घाटमाथ्यावर जास्त.

हे स्वतः बघायचं असेल तर संगणकावर गूगल अर्थ उघडा, गावातल्या एखाद्या जुन्या विहिरीच्या काठावर खूण रोवा आणि मग जुन्या वर्षांची चित्रं एकेक करून लावून बघा. विहीर खुणेच्या कधी पूर्वेला, कधी दक्षिणेला, चार-पाच मीटर किंवा त्याहून जास्त सरकलेली दिसेल. विहीर घ्यायची, इमारत नाही. इमारतीचं छप्पर तिरक्या नजरेमुळे तसंही एका बाजूला कललेलं दिसतं.

नावं आणि पत्ते हे तर वेगळंच प्रकरण. 'वडगाव' किंवा 'पिंपळगाव' शोधलं तर कुठलं कुठलं गाव निघेल सांगता येत नाही. वस्तीचं नाव टाकलं आणि ॲपकडे ते नसेल, तर ते मुकाट्याने गावाच्या मध्यावर टाचणी टोचतं. वस्ती तिथून तीन किलोमीटरवर असते, पण टाचणी तितकीच ठसठशीत दिसते. ॲपने इथे "मला नीट माहीत नाही" असं सांगायला हवं. ते सांगत नाही, हा माझा या सगळ्या कंपन्यांवरचा मोठा आक्षेप.

तसाच दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांचा देखावा. १८.५२०४३०१७ असा आकडा पाहिला की केवढं अचूक वाटतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे दशांशानंतरचा पाचवा आकडा जवळपास एक मीटरचा, सहावा ११ सेंटिमीटरचा, आणि आठवा एका मिलिमीटरचा. फोनची चूक पाच मीटर, पुढचे आकडे नुसतीच भरती.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलं. देशाच्या नकाशावर सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन आणि प्रत्येकाला दहा अक्षरी संकेत. पत्ता नसलेल्या वस्त्यांसाठी कल्पना मला आवडते. फक्त चौकोन चार मीटरचा आणि फोनची चूक पाच मीटरची, हे गणित लक्षात ठेवा. दारात उभं राहून सकाळी घेतलेला संकेत आणि संध्याकाळी घेतलेला संकेत वेगळे निघाले तर नवल नाही. त्यातला एक शेजाऱ्याच्या ओट्यावरचाही असू शकतो. चित्रावर आपलं छप्पर बघून चौकोन निवडावा, आणि एकदा निवडला की तोच वापरावा.

गुंठ्यांचा हिशेब

आता ज्या गोष्टीसाठी महाराष्ट्रात या ॲप्सचा सर्वांत जास्त आणि सर्वांत धोकादायक वापर होतो, तिकडे येऊ. शेताच्या बांधावरून फोन घेऊन चक्कर मारली की ॲप क्षेत्र सांगतं. किती भरवशाचं?

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण दहा मीटरचा चौरस. फोनची चूक पाच मीटर, म्हणजे गुंठ्याची अर्धी बाजू. पण क्षेत्रफळ थोडं सुदैवी असतं. चारही कोपऱ्यांची जागा एकाच दिशेला सारखीच सरकली, तर अख्खं शेत सरकतं, क्षेत्र तेवढंच राहतं. थोड्या वेळात घेतलेल्या मोजमापांत चुकीचा बराचसा भाग असा सामायिक असतो. बिघडवतो तो उरलेला भाग, जो प्रत्येक कोपऱ्यावर वेगळा पडतो. तो दोन्ही दिशांना दोन-दोन मीटर धरू.

एक एकराचं चौरस शेत घ्या, बाजू ६३ मीटरच्या वर. चार कोपऱ्यांवर अशी चूक पडली तर क्षेत्रात साधारण पावणेदोन गुंठ्यांचा फरक पडू शकतो, चाळीसात पावणेदोन. खत-बियाण्याच्या अंदाजाला चालेल. तेच दहा गुंठ्यांच्या चौरसाला केलं तर चूक जवळपास एक गुंठा, म्हणजे नऊ टक्के. आणि आता वाटण्या होऊन झालेला पट्टा घ्या: ४०० मीटर लांब, १० मीटर रुंद. क्षेत्र जवळपास तेवढंच, साडेएकोणचाळीस गुंठे. पण चूक आठ गुंठ्यांची! कारण रुंदीत एक मीटर इकडचं तिकडे झालं की लांबीभर एक मीटर जमीन वाढते किंवा घटते. आपल्याकडे पिढ्यांगणिक शेतं याच आकाराची होत चालली आहेत. चिंचोळ्या पट्ट्याचं क्षेत्र फोनवर मोजून त्यावर व्यवहार करणं म्हणजे चिठ्ठी टाकण्यासारखंच.

ॲपच्या गणितातही खोट असू शकते. ऑनलाइन नकाशे ज्या चौकटीवर पसरलेले असतात तिच्यात विषुववृत्तापासून जसजसं उत्तरेला जावं तसतशी जमीन फुगलेली दिसते. पुण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे ११ टक्के फुगतं. चांगली ॲप्स हे सुधारून घेतात. एखाद्याने हौसेने बनवलेल्या ॲपने चौकटीवरच सरळ मोजमाप केलं, तर चाळीस गुंठ्यांचे साडेचव्वेचाळीस होतात. तपासायचं कसं? ज्याची लांबी-रुंदी टेपने मोजलेली आहे असं मैदान त्या ॲपवर मोजून बघा.

क्षेत्र एक वेळ ठीक, हद्द मात्र फोनवर ठरवूच नये. सध्या गटाचे नकाशे उपग्रहचित्रावर चढवून दाखवणारी ॲप्स गावोगाव फिरतात आणि 'शेजाऱ्याने सहा फूट दाबलंय' असे निष्कर्ष त्यावरून काढले जातात. जरा विचार करा, तिथे किती चुका एकावर एक बसल्या आहेत. गावनकाशा मुळात शंकू साखळी या जुन्या साधनांनी मोजून कागदा-कापडावर काढलेला. तो आकसला, घड्या पडल्या, मग स्कॅन झाला. प्रमाण १:५००० असेल तर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. मग तो नकाशा काही ओळखीच्या खुणा जुळवून चित्रावर ताणून बसवला. चित्र स्वतः काही मीटर सरकलेलं. त्यावर पाच मीटरचा ठिपका. यातून सहा फुटांचा वाद सुटणार कसा? जुन्या सर्वेक्षण नकाशांवरून अक्षांश-रेखांश काढून फोनमध्ये टाकले तर घोळ याहून मोठा, कारण ते नकाशे पृथ्वीच्या ज्या जुन्या गणिती आकारावर ('एव्हरेस्ट') बेतलेले होते तो आजच्या जीपीएसच्या आकाराहून वेगळा. महाराष्ट्रात यामुळे शंभर मीटरहून जास्त फरक पडतो.

ई-पीक पाहणीसारख्या कामाला फोनची अचूकता बहुतेक शेतांत पुरते. तिथे पीक कोणत्या गटात आहे एवढंच हवं असतं. अडचण येते ती चिंचोळ्या पट्ट्यांतच, तेव्हा फोटो काढताना बांधाजवळ उभं न राहता पट्ट्याच्या मध्यावर उभं राहावं, झाडाखाली नको, आणि ॲप उघडल्यावर मिनिटभर थांबावं.

हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी. भूकरमापक आता रोव्हर घेऊन येतात. काठीवर बसवलेलं ते यंत्र त्याच उपग्रहांना ऐकतं, मग अचूक कसं? दोन कारणं. ते संदेशाची सांगितलेली वेळ तर घेतंच, शिवाय लहरीच्या लांबीचा (सुमारे १९ सेंटिमीटर) कितवा भाग येऊन पोहोचला हेही मोजतं. आणि सर्व्हे ऑफ इंडियाने जागोजागी कायमची स्थानकं उभारली आहेत, ज्यांची जागा आधीच नेमकी ठाऊक आहे. त्या स्थानकांना आत्ता किती चूक दिसते आहे ते रोव्हरला मोबाइल नेटवर्कवरून कळतं आणि तो ती वजा करतो. आयनोस्फिअरची चूक यात जवळपास निघून जाते. उरते ती काही सेंटिमीटर. शिवारात मोबाइलची रेंज नसेल तर मोजणी अडते ती याचमुळे.

पण रोव्हर सांगतो तो बिंदू आज कुठे आहे ते. हद्द कुठे होती हे मूळ टिपण, फाळणी (जुन्या मोजणीची कागदपत्रं) आणि जुन्या खुणांवरूनच ठरवावं लागतं. दोन्ही जुळवणं हे भूकरमापकाचं कसब. वहिवाट आणि अभिलेख यांत फरक निघाला तर मोजणीच्या नकाशावर तो दाखवला जातो. पुढचा निर्णय यंत्र करत नाही.

सेंटिमीटरात शिरलं की आणखी एक गोष्ट उपटते. भारताचा भूभाग वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येला सरकतो आहे. तुमचा बांध आणि शेजाऱ्याचा बांध एकत्रच सरकत असल्याने वाटणीत काही बिघडत नाही. पण दहा वर्षांपूर्वीचे सेंटिमीटरपर्यंतचे अक्षांश-रेखांश कोणत्या तारखेला धरून काढले होते ते न पाहता आज रोव्हरमध्ये घातले, तर हद्दीचा दगड अर्धा मीटर बाजूला ठोकला जाऊ शकतो.